बावन्न मिनिटांचं जळगाव

आप्पामामांनी फोनवर एवढंच विचारलं होतं, की लग्नाला कधी निघणार. या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात तीस वर्षं ठरलेलं आहे: आदल्या दिवशी, सुरतेच्या उधना स्टेशनहून, जी गाडी मिळेल तिनं. पण फोन स्पीकरवर होता आणि शेजारी पुतण्या मोबाईल घेऊन बसला होता. तो मधेच ओरडला, "आजोबा, सुरत-जळगाव फक्त तीनशे किलोमीटर आहे. विमानानं बावन्न मिनिटं!"

पलीकडं सामसूम. अंमळनेरच्या ओसरीवर मामांनी कानाचा फोन काढून डोळ्यांसमोर धरला असणार.

"बावन्न मिंटं?"

"हो. फ्लाइट टाइम."

"मंग आदला दिन कशाले? हयद लागनी का निंघा!"

संध्याकाळपर्यंत बातमी खानदेशभर झाली. धरणगावच्या मावशीनं फोन करून सांगितलं, बावन्न मिनिटांचंच येणं आहे तर येताना दोन किलो घारी घेऊन ये, गरम असतानाच पोचेल. पारोळ्याच्या आत्याला वेगळीच शंका. एवढं जवळ आहे तर गेल्या वर्षी नानांच्या दहाव्याला का आला नाहीस? तिला मी काय सांगणार? नाना गेले तेव्हा हे अंतर मला माहीत नव्हतं, असं सांगून पाहिलं. पटलं नाही.

रात्री जेवणं झाल्यावर पुतण्याला म्हटलं, "बघ बरं तिकीट."

"तिकीट नाही, काका."

"संपलं?"

"विमानच नाही."

आता आम्ही राहतो ते इच्छापोर कुठं आहे ते सांगायला हवं, कारण सुरतेतल्या सुरतेतही लोक विचारतात. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा म्हटलं की गावाकडच्यांना लगेच कळतं. तिथं निम्मं खानदेश भाड्यानं राहतं. इच्छापोर शहराच्या पार पश्चिमेला, तापीच्या पलीकडच्या काठावर, हजिऱ्याच्या कारखान्यांच्या वाटेवर. सकाळी आमच्या चौकात कंपन्यांच्या पाळीच्या बसगाड्या, गॅसचे टँकर आणि पोलादाच्या कॉइल लादलेले ट्रेलर यांच्यात कोण आधी जाणार याची बैठक भरते, ती दुपारपर्यंत चालते. सुरतेचा विमानतळ नदीच्या अलीकडं, म्हणजे आमच्या दृष्टीनं पलीकडं, डुमस रस्त्याला. गच्चीत उभं राहिलं की उतरणारी विमानं दिसतात. हवेतून मोजलं तर आठेक किलोमीटर. पण मधे तापी, त्यामुळं ओएनजीसीचा पूल गाठायचा, मगदल्ल्याकडून वळायचं. एवढ्यात जे विमान आपण गच्चीवरून उतरताना पाहिलं, त्यातले प्रवासी घरी जाऊन अंघोळ करून बसलेले असतात. गावाच्या नावातच इच्छा आहे, पूर्ण होण्याची हमी नाही.

तर ती बावन्न मिनिटं आली कुठून? पुतण्यानं मोबाईलवर मला या मिनिटांचा कारखाना उघडून दाखवला. दोन चौकोन असतात. एकात एका विमानतळाचं नाव घालायचं, दुसऱ्यात दुसऱ्याचं. यंत्र दोघांचे अक्षांश-रेखांश काढतं, पृथ्वीच्या पाठीवरून एकाकडून दुसऱ्याकडं दोरी ताणतं आणि दोरीची लांबी सांगतं. मग ताशी आठशेच्या आसपास वेग धरून भागाकार करतं आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वरून टाकतं. तीनशेला साडेबावीस मिनिटं, अधिक तीस. झाली बावन्न. वरचं अर्धं मिनिट त्यानं आपल्याला सोडून दिलं. या मार्गावर विमान उडतं का, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं. भटजी पत्रिका बघून छत्तीसपैकी किती गुण जुळले ते सांगतो. मुलगा बोहल्यावर चढायला तयार आहे की नाही हे पाहणं त्याचं काम नव्हे.

मग कशानं जायचं? दुसऱ्या एका ठिकाणी आमच्या चिरंजीव पुतण्यानं तारीख घालून शोधलं, तर उत्तर आलं: आधी हैदराबाद, तिथं विमान बदला, मग जळगाव. मी कागद घेतला. सुरत ते हैदराबाद साधारण 735 किलोमीटर, हैदराबाद ते जळगाव साधारण 505. म्हणजे तीनशे किलोमीटरवरच्या गावी जायला साडेबाराशे किलोमीटर, तेही थेट तेलंगण करून. द्राविडी प्राणायाम हा शब्द मी शाळेपासून वापरतोय, पण त्याला बोर्डिंग पास मिळतो हे त्या दिवशी कळलं.

जळगावला विमान येत नाही असं नाही. 'उडान' योजनेत डिसेंबर 2017 मध्ये मुंबईहून एकोणीस आसनांचं विमान आलं तेव्हा आमच्याकडं पेढे वाटण्यापर्यंत मजल गेली होती. ते बंद पडलं, दुसरं आलं, तेही गेलं, तिसरं आलं. आमच्या गावच्या नळाला पाणी असंच येतं, त्यामुळं कुणी फार मनाला लावून घेतलं नाही. आणि सुरतेहून विमानं कमी आहेत असंही नाही. 17 डिसेंबर 2023 ला विमानतळाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. बरोबर 120 वर्षांपूर्वी याच तारखेला राइट बंधूंचं पहिलं उड्डाण झालं होतं: 12 सेकंद, 120 फूट. आमच्या विमानतळावर रिक्षातून उतरून दरवाज्यापर्यंत बॅग ओढत याहून जास्त जावं लागतं. आज सुरतेहून माणूस शारजाला जातो, दुबईला जातो, डिसेंबर 2024 पासून बँकॉकला जातो. बँकॉकला जाणाऱ्यांचं तिथं कोण असतं, देव जाणे. पण जळगावला, जिथं अर्ध्या सुरतेचं आजोळ आहे, तिथं जायचं तर उधना.

गावाकडच्या लोकांचा सुरतेच्या विमानांवर एवढा विश्वास बसण्याचं आणखी एक कारण आहे. जून 2022 मध्ये महाराष्ट्रातले आमदार रातोरात सुरतेला आले आणि इथून विमानानं गुवाहाटीला गेले. अंतर सुमारे दोन हजार किलोमीटर. ते तीन दिवस मला गावाकडून जेवढे फोन आले तेवढे माझ्या लग्नातही आले नव्हते. "तुले दिखनात का?" मामांनी विचारलं होतं. डुमस रस्ता इच्छापोरहून दिसत नाही हे सांगून मी थकलो. पण मामांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली: सुरतेहून मनात आलं की विमान निघतं.

आणि आमच्या विमानतळाला विनोदबुद्धी नाही असं कुणी म्हणू नये. नोव्हेंबर 2014 मध्ये इथून उडायला निघालेलं विमान धावपट्टीवर म्हशीला धडकलं होतं. प्रवाशांना काही झालं नाही, म्हैस गेली. माझ्या कंपनीतल्या एका विदर्भातल्या सहकाऱ्यानं ही बातमी वाचून विचारलं होतं, की म्हशीचं तिकीट कुठलं होतं.

जळगावला विमान नाही म्हणून चिडून मी त्या दोन चौकोनांत सुरत आणि भावनगर घातलं. भावनगरच का, तर शेजारचे भूपतभाई तिकडचे. ते इच्छापोरच्या हिरे-दागिन्यांच्या पार्कात कामाला, गाव पालिताण्याजवळ. यंत्र म्हणालं, 91 किलोमीटर. आणि रस्त्यानं? साडेतीनशेच्या वर. याचं कारण खंभातचं आखात. नकाशावर गुजरातचा जबडा उघडा दिसतो ना, त्याच्या खालच्या ओठावर सुरत आणि वरच्या ओठावर भावनगर. समोरासमोर बसलेले असूनही एकमेकांना भेटायचं तर घशापर्यंत जाऊन यावं लागतं. भरूच, वडोदरा, तारापूर, वटामण आणि मग भावनगर. भूपतभाईंची पिढी दिवाळीला वराछ्यातून रात्रीची लक्झरी पकडून दहा-बारा तास हा घसा फिरत गेली.

91 किलोमीटर म्हणजे काय ते मी जरा नीट पाहिलं, कारण मी गणितात कच्चा नाही आणि रविवार होता. पृथ्वी गोल असल्यानं सुरत आणि भावनगरच्या मधोमध समुद्र सरळ रेषेच्या साधारण 160 मीटर वर फुगलेला आहे. हा फुगवटा टाळायला कुणी एका धावपट्टीपासून दुसऱ्या धावपट्टीपर्यंत जमिनीतून तीरासारखा सरळ बोगदा खणला, तर अंतर किती वाचेल? सुमारे 77 सेंटीमीटर. पावणेदोन हात. हे मी बायकोला उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, "मग नका खणू."

जगात यापेक्षा लहान विमानप्रवास आहेत. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे अशी रोजची सेवा आहे. अंतर पावणेतीन किलोमीटर, वेळ दोन मिनिटं. वारा पाठीशी असताना 53 सेकंदांत पोचल्याचा विक्रम आहे. आपल्याकडं एवढ्या वेळात शेजारचा प्रवासी नुसतं "जरा सरकता का" म्हणतो आणि आपण सरकल्यासारखं करतो.

आमच्या भावनगरला मात्र खरंच विमान सुरू झालं. सुरतेच्या हिरेवाल्यांनी मनावर घेतलं आणि 1 जानेवारी 2022 पासून नऊ आसनी सेसना विमानं सुरतेहून भावनगर, अमरेली, राजकोट, अहमदाबादला जाऊ लागली. भाडं सुरुवातीला 1999 रुपये, भावनगरला अर्धा तास. त्या दिवशी भूपतभाई आमच्या दारात उभे राहून नुसते "अडधो कलाक, पाटीलभाई, अडधो कलाक!" एवढंच म्हणत होते. ज्या माणसानं तीस वर्षं एकाच गावाला जायला रात्र जागून काढली, त्याला अर्धा तास म्हणजे काय ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मला थोडा हेवा वाटला, हेही लिहून टाकतो.

त्याच वर्षी कंपनीच्या कामासाठी मला अलंगला जायचं होतं. जुनी जहाजं किनाऱ्यावर चढवून तोडतात ते अलंग, भावनगरपासून पन्नासेक किलोमीटर. भूपतभाईही निघाले होते. लहान विमानात बॅगेबरोबर माणसाचंही वजन लागतं हे मला तिथं गेल्यावर कळलं. बॅग काट्यावर ठेवली, उचलली. काउंटरवरचा मुलगा अदबीनं म्हणाला, "हवे तमे." आता तुम्ही. मी बूट काढायला लागलो, तो म्हणाला, बूट राहू द्या, ते पण येणारच आहेत ना. काट्यावर चढलो. लाल आकडे थरथरले, 89, 92, आणि 91 वर थांबले. मागच्या सात जणांनी ते वाचले. एकाही माणसानं तोंडातून शब्द काढला नाही. फक्त एका बाईंनी आपल्या बारक्या मुलाला हळूच माझ्यापासून दूर ओढलं. सुरत ते भावनगर 91 किलोमीटर आणि मी 91 किलो. किलोमीटरमागं एक किलो, हिशोब चोख. भूपतभाई गाठीच्या डब्यासकट 68 भरले. मग कुणी कुठं बसायचं ते ठरलं आणि मला कुठं बसवलं ते मी सांगणार नाही. तराजूचा दांडा सरळ राहिला, एवढं पुरे.

विमान म्हणजे पंख डोक्यावर असलेली, एका इंजिनाची सहा आसनी रिक्षा, तीन आसनं जास्त. वैमानिकाची मान दिसते. त्यानं खांदा खाजवला तरी आपल्याला काळजी वाटते. पंख वर असल्यामुळं खालचं मात्र सगळं दिसतं: तापीचं मुख, हजिऱ्याच्या चिमण्या, जेटीवरची जहाजं, आणि मग आखात. मला निळा समुद्र अपेक्षित होता. खाली चहा होता. दूध जास्त, पावडर कमी. ओहोटीची वेळ असावी, कारण कडेला मैलभर चिखल उघडा पडला होता आणि त्यात पाण्याच्या रेषा झाडाच्या फांद्यांसारख्या फुटल्या होत्या. या आखाताची भरती-ओहोटी देशात सगळ्यात मोठ्यांपैकी, भावनगरला दहा मीटरच्या घरात जाते. तीन मजली घर सकाळी उघडं, दुपारी बुडालेलं. भूपतभाईंनी गाठीचा डबा उघडला, मला दिल्या, पुढच्या बाईंना दिल्या, वैमानिकाकडंही पाहिलं पण धीर झाला नाही. तळलेली मिरची शोधेपर्यंत कान दडपले आणि समोर घोघ्याचा किनारा. भूपतभाई खिडकीला नाक लावून बसले होते. "मारुं गाम आ बाजु," म्हणाले आणि ज्या बाजूला बोट दाखवलं तिकडं ढगच होते.

हवेत आम्ही सव्वीस मिनिटं होतो. माझ्या घराच्या दारापासून अलंगच्या दारापर्यंत मात्र सव्वाचार तास. इच्छापोरहून विमानतळ, रहदारी धरून पाऊण तास. तासभर आधी पोचा, दीड तास आधी पोचलो, कारण बायकोचा घड्याळावर विश्वास नाही. तपासणी मोठ्या विमानासारखीच. माझा पट्टा निघाला, भूपतभाईंचा सुपारी कातरायचा अडकित्ता निघाला आणि परत मिळाला नाही. उतरल्यावर जीप, आणि जीपवाल्याचा चहा, आणि चहावाल्याचा मेहुणा. संध्याकाळी मी हिशोब मांडला तर मला धक्का बसला. माझ्या घरापासून वीस-पंचवीस मिनिटांवर हजिऱ्याला घोघ्याची रो-रो बोट लागते. 8 नोव्हेंबर 2020 ला सुरू झाली. 370 किलोमीटरचा रस्ता नव्वदवर आला, दहा-बारा तासांचे चार तास झाले. बोटीत ट्रक चढतात, मोटारी चढतात, माणसाचं वजन कुणी विचारत नाही. म्हणजे समुद्रावरून डुलत गेलो असतो तरी फार तर तासा-दीड तासाचा फरक, आणि माझे 91 किलो माझ्यापाशीच राहिले असते. त्या दोन चौकोनांचं यंत्र फक्त सव्वीस मिनिटांचं बोलतं. बाकीचे पावणेचार तास त्याच्या मते आपली खासगी बाब.

आता जळगावचा मार्ग बघा. इथं मला खरी मौज वाटली. उधना ते जळगाव रेल्वेनं 307 किलोमीटर. हवेतून, विमानतळ ते विमानतळ, तीनशे. फरक सात किलोमीटरचा! सव्वाशे वर्षांपूर्वी तापीच्या खोऱ्यातून ज्यांनी ही लाईन टाकली त्यांनी पट्टीच ठेवून टाकली असावी. भावनगरला विमान पाऊण वाट खाऊन टाकतं, जळगावला त्याच्या तोंडाला काहीच लागत नाही. रस्त्याचंही तेच. आमच्या चौकातून जाणारा हजिरा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 53, जुना 6 नंबर. हजिऱ्याला सुरू होतो आणि बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव करत नागपूर-रायपूरवरून थेट ओडिशात पारादीपला दुसऱ्या समुद्राला जाऊन टेकतो. माझ्या आणि पारोळ्याच्या आत्याच्या घराच्या दारात एकच रस्ता आहे. हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही, कृपा करून सांगू नये.

आणि अंमळनेर तर जळगावच्या अलीकडं, रेल्वेनं पन्नास-पंचावन्न किलोमीटर आधी. सुरत-जळगाव विमान असतं तर ते बरोबर आमच्या गावाच्या जवळून वरून गेलं असतं. मामांच्या गच्चीवरची कुरडयांची खाट दिसली असती. मग जळगावला उतरून तेवढंच मागं यायचं. हे मी मामांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ते इमान आमयनेरवरथीनच जाई ना?"

"हो."

"मंग तठेच उतारी दे म्हना त्याले."

लग्नाला आम्ही गेलो ते उधन्याहूनच. इच्छापोर ते उधना हा आमच्या प्रवासातला सगळ्यात लांबचा टप्पा. गाडीच्या आधी अडीच तास निघालो, फलाटावर गाडी सुटताना चढलो. आरक्षण दोघांचं, माणसं चार, बाकी सगळं नेहमीचं. बारडोलीपर्यंत पुतण्या विमानाच्या वेळा बघत होता, व्याऱ्यानंतर रेंज गेली तेव्हा माणसात आला. नवापूरला गाडी थांबली तशी मी त्याला खाली उतरवलं. हे स्टेशन निम्मं गुजरातेत, निम्मं महाराष्ट्रात. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत. फलाटावर एक बाक आहे, त्याच्या मधोमध रेघ. एका टोकाला महाराष्ट्र, दुसऱ्या टोकाला गुजरात. मी पुतण्याला एका टोकाला बसवलं, स्वतः दुसऱ्या टोकाला बसलो आणि म्हटलं, "सांग, दोन राज्यांमधलं अंतर किती?" त्यानं वितीनं मोजलं. "चार वीत." "आणि वेळ?" तेवढ्यात गाडीनं शिट्टी दिली आणि वेळ नसल्याचं कळलं.

अंमळनेरला मांडवात पाय ठेवला आणि माईकवर आवाज आला. खानदेशात लग्नाचा माईकवाला हा नवरदेवाच्या खालोखाल महत्त्वाचा माणूस. कोण आलं, कुणाचा कोण, काय करतो, आहेर किती, सगळं तो गावाला सांगतो. "सुरतेहून खास विमानानं आलेले आप्पांचे भाचे, बापूसाहेब पाटील यांचं हार्दिक स्वागत!" मामा स्टेजजवळ उभे, फेट्यात, छाती फुगवून. माझ्या खांद्यावर दोन पिशव्या, सदऱ्याला नंदुरबारच्या भज्यांचं तेल, केसांत सोनगडपासूनची धूळ. शंभर-दीडशे माना वळल्या. मी हात जोडले. दुसरं काय करणार?

पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी हळूच विचारलं, "विमान नवापूरला थांबतं का हो?"

"नाही."

"मग नंदुरबारवरून येतं?"

"वरूनच," मी म्हटलं. आणि यात खोटं काही नव्हतं, त्यांनी विमानाविषयी विचारलं होतं, माझ्याविषयी नव्हे. वरण-बट्टी वाढायला आलेल्या मुलानं मला एक बट्टी जास्त वाढली. विमानानं आलेल्या माणसाला भूक लागते, असा गावाचा समज असावा.

परत निघताना नेहमीप्रमाणे मामींनी सामान काढलं. गहू, पापड-कुरडया, उडदाची डाळ, भरिताची वांगी आठ किलो आणि एक आख्खा केळीचा घड. बायको म्हणाली, "मामी, एवढं नेता येणार नाही." मी संधी साधली. म्हटलं, विमानात माणशी पंधरा किलोच नेऊ देतात, जास्तीला पैसे पडतात. आता सामान निम्मं होईल, अशी माझी अटकळ. मामांनी क्षणभर विचार केला आणि मामींना म्हणाले, "राहू दे सगयं बांधेल. तो दोन फेऱ्या करी. बावन्न मिंटंच तं शेतस."

सगळं सामान आम्ही रेल्वेनं आणलं. एका फेरीत.

गेल्या हिवाळ्यात मामा डोळ्याच्या ऑपरेशनला आमच्याकडं आले. ऑपरेशन छान झालं, हिरवी पट्टी निघाली, आणि संध्याकाळी मी त्यांना गच्चीत घेऊन गेलो. पोंक आणला होता, लिंबू-मिरीची शेव घालून. त्यांनी चव घेऊन हुरडाच आहे हा असा निर्वाळा दिला. नव्या डोळ्यानं तापीपलीकडं बघत बसले. एक विमान उतरलं. "हाई कोठलं?" दिल्लीचं असेल. आणखी एक निघालं. "हाई?" ते शारजाचं असावं, मी ठोकून दिलं. मग एक छोटं, चिलटाएवढं, गुरगुरत पश्चिमेला समुद्रावर वळलं. शेजारच्या गच्चीवरून भूपतभाईंनी हात केला, जणू आत त्यांचंच कुणी बसलं होतं.

"हाई तं एकदमच बारकं शे."

"ते भावनगरला जातं, मामा. अर्ध्या तासात."

मामा बराच वेळ त्या ठिपक्याकडं बघत राहिले.

"भावनगरले कोन शे आपलं?"

"कोणी नाही."

"मंग उधनानी गाडी कितीले शे?"

"सकाळी साडेअकराला."

"आठले निंघू," मामा म्हणाले आणि शेवेचा वाडगा पुढं ओढला.